केसभर फट: वापरलेली पुंगळी रायफलीत पुन्हा बसते कशी?

कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत आम्ही पत्रा ओढण्याचे डाय, म्हणजे पोलादी साचे, करतो: टोपणं, कप, ब्रॅकेट, जे गिऱ्हाईक मागेल ते. बंदुकांशी आमचा काडीचाही संबंध नाही. पण ॲरिझोनात राहणारा माझा मावसभाऊ हौशी नेमबाज आहे, आणि तिथल्या बऱ्याच हौशी नेमबाजांसारखा तोही झाडलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या घरच्या गॅरेजात पुन्हा भरतो. त्यानं फोनवर विचारलं, "दादा, सगळ्या पुंगळ्या एकाच डायमधून काढल्या. बोल्ट हातानं ओढायच्या रायफलीत त्या निमूट बसतात, सेमी-ऑटोमॅटिकमध्ये मात्र बोल्ट अर्ध्यावर थांबतो. डाय वाईट म्हणू की रायफल?" बोल्ट म्हणजे काडतूस आत लोटून मागून कुलूप लावणारा पोलादी दट्ट्या; सेमी-ऑटोमॅटिकमध्ये तो आपोआप मागेपुढे होतो. डाय आणि रायफल, दोन्हींत काही वाईट नव्हतं. हा प्रश्न पितळाच्या स्वभावाचा आहे, आणि मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाचा. डायवाल्यांची भाकरी त्याच हिश्शावर चालते, म्हणून मी त्यात रमलो.

आपल्याकडे हे घरी करून बघायचं काम नाही, ते आधीच सांगतो. 1959 च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येतच त्याचे सुटे भाग आणि तो बनवण्याची यंत्रसामग्री येते. म्हणजे भरलेलं काडतूस तर सोडाच, पुंगळी भरायचा प्रेससुद्धा कायद्याच्या नजरेत त्याच खात्यात पडतो आणि परवान्याशिवाय त्याला हात लावता येत नाही. सेमी-ऑटोमॅटिक रायफली तर सर्वसाधारण परवान्यावर मिळतच नाहीत. सत्तरी-सांग्याकडे रानडुकरांपासून पीक राखायला ज्यांच्याकडे परवान्याची बंदूक आहे आणि निवडणूक लागली की जे ती पोलीस ठाण्यात जमा करून येतात, त्यांची काडतुसं छऱ्याची असतात. त्या काडतुसांना खांदा, म्हणजे मानेखालचा तिरका भाग, नसतोच, त्यामुळे पुढचं पुराण त्यांना लागू नाही. एनसीसीत ज्यांनी पॉइंट टू-टू झाडली आहे त्यांची पुंगळी तर एकदा वापरून टाकायचीच, कारण तिचा पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेतच भरलेला असतो आणि तिथं एकदा ठोका बसला की संपलं. आपण बोलतोय ते मधोमध वेगळा प्रायमर, म्हणजे ठोका बसला की पेटणारी टिकली, बसवलेल्या, बाटलीच्या घाटाच्या रायफल-काडतुसाबद्दल. उदाहरणाला .308 विंचेस्टर घेऊ. आपल्या पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षं दिसलेल्या एसएलआरचं 7.62 मिमीचं काडतूस बाहेरून जवळजवळ याच मापाचं.

खालून वर पाहत गेलं तर आधी जाड, भरीव बूड, त्याला एक्स्ट्रॅक्टरच्या (पुंगळी बाहेर ओढणाऱ्या आकड्याच्या) नखासाठी खाच. मग किंचित निमुळतं होत गेलेलं धड, मग तिरका खांदा, आणि वर गोळी पकडून ठेवणारी मान. सबंध पुंगळी जास्तीत जास्त 51.18 मिमी उंच, बुडाजवळ जेमतेम 12 मिमी जाड. धातू म्हणजे सत्तर टक्के तांबं आणि तीस टक्के जस्त. हे मिश्रण खोल ओढायला इतकं गुणी आहे की धातुशास्त्राच्या पुस्तकांत त्याला काडतुसाचं पितळ असंच नाव पडलं. चकती कापायची, तिचा कप करायचा, कप ओढत ओढत लांब करायचा, मध्येमध्ये तापवून मऊ करायचा. शेवटी बूड कडक, धड मध्यम आणि मान-खांदा मऊ, असं जाणूनबुजून ठेवतात. एकाच भांड्यात तीन प्रकारचा कडकपणा. आमच्या गिऱ्हाइकानं असं मागितलं असतं तर मी त्याला चहा पाजून परत पाठवलं असतं.

आता घोडा दाबल्यावर काय होतं ते. .308 ला अमेरिकेच्या सामी या मानक संस्थेनं ठरवून दिलेली दाबाची मर्यादा 62,000 पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) आहे, म्हणजे सुमारे 4,270 बार. एवढ्या दाबापुढे पितळाची पातळ भिंत टिकत नाही. ती फुगते आणि चेंबरच्या, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या पोकळीच्या, पोलादी भिंतीला जाऊन चिकटते. यातच तिचं मुख्य काम होतं, कारण अशी चिकटली की मागे गॅस सुटत नाही. पोलादही थोडं ताणलं जातं, पण लवचिकतेच्या मर्यादेत, त्यामुळे दाब उतरला की ते मूळ मापावर येतं. पितळ मात्र ती मर्यादा ओलांडून गेलेलं असतं. तरी त्याच्यात थोडी ओढ उरलेली असते, आणि त्या ओढीनं ते किंचित आत येतं. त्याला आम्ही स्प्रिंगबॅक म्हणतो. डाय बनवताना हाच आमचा रोजचा वैरी: नव्वद अंशांत वाकवलेला पत्रा सुटल्यावर एक्याण्णव-ब्याण्णव होतो. रायफलीत मात्र हाच वैरी मित्र ठरतो. पितळ ते केसभर मागे आलं नसतं, तर झाडलेली पुंगळी चेंबरमधून बाहेर काढायला हातोडा लागला असता.

म्हणजे झाडलेली पुंगळी ही त्या चेंबरची जवळजवळ हुबेहूब प्रतिकृती असते. त्याच रायफलीत, तीच पुंगळी, बोल्ट हातानं लावणार असाल, तर फक्त मान आवळून पुन्हा भरली तरी चालतं. पुष्कळ निशाणेबाज पूर्वी तसंच करत, आणि पुंगळी चेंबरला अगदी बेतलेली असल्यानं अचूकता वाढते असं मानत. काही फेऱ्यांनंतर स्प्रिंगबॅकची फटही संपते आणि बोल्ट लावताना जोर लागू लागतो. पण जोर लावायला तिथं माणसाचा हात असतो. बोल्टच्या दांड्याची तरफ आणि आतला तिरपा उतार (कॅम) मिळून शे-दीडशे किलोचा रेटा सहज देतात. काडतूस थोडं मोठं असेल तर बोल्ट त्याला दाबूनच बसवतो.

सेमी-ऑटोमॅटिकमध्ये तो हात नाही. गॅसच्या जोरानं बोल्ट मागे जातो, रिकामी पुंगळी फेकतो, आणि परत येतो तो फक्त एका स्प्रिंगच्या भरवशावर. वाटेत त्याला मॅगझिनमधून नवं काडतूस खरवडून घ्यायचं असतं, ते चेंबरमध्ये लोटायचं असतं आणि शेवटी गोल फिरून कुलूप लावायचं असतं. आपल्याकडे आषाढात घराचं दार फुगतं तेव्हा आपण खांदा लावून ते बंद करतो, पण स्प्रिंगवर आपोआप मिटणारं दार तेवढ्याच फुगीला अर्धवट उघडं राहतं. मावसभावाच्या दोन रायफलींत फरक होता तो एवढाच.

त्यात दुसरी भानगड अशी की सेमी-ऑटोमॅटिक बाहेर काढतानाही घाई करते. गोळी नळीतून निघून गेलेली असते, पण चेंबरमधला दाब पूर्ण उतरायच्या आत बोल्ट कुलूप सोडू लागतो. पुंगळीचं धड अजून भिंतीला धरून आहे आणि मागून एक्स्ट्रॅक्टर बूड ओढतोय, अशी ही ओढाताण असते. त्यात खांदा पुढे फुगतो, बुडाजवळचा भागही आधार सुटल्यामुळे सुजतो. नवख्याला जे पटत नाही ते इथं घडतं: बाहेर आलेली पुंगळी कधीकधी ज्या चेंबरमधून आली त्या चेंबरपेक्षाही लांब भरते.

या ओढाताणीवर बंदूक बनवणाऱ्यांनी आपापले तोडगे काढले. कलाश्निकोवच्या 7.62×39 काडतुसाला भरपूर निमुळतेपण दिलं, म्हणजे ते थोडं मागे सरकलं की सगळीकडून एकदम सुटतं. गोवा मुक्त झाला त्याच 1961 साली पोर्तुगालच्या लष्करानं जी-3 ही जर्मन घडणीची रायफल स्वीकारली. तिच्या चेंबरमध्ये उभ्या बारीक खाचा आहेत. त्यातून गॅस पुंगळीच्या बाहेरून फिरतो आणि तिला भिंतीपासून सुटी ठेवतो. झाडलेल्या पुंगळीवर काजळीच्या उभ्या रेघा दिसल्या की ती याच घराण्याच्या रायफलीतली, हे जाणकार लांबून ओळखतात. लष्करी चेंबर एकंदरीतच थोडे सैल ठेवतात. चिखलात, धुळीत, गरम नळीत काडतूस बसलंच पाहिजे, पुंगळीचं पुढे काय होतं याची सैन्याला फिकीर नसते. पुंगळी पुन्हा भरायचा विचार फक्त हौशी माणूसच करतो, आणि सैन्याच्या त्या बेफिकिरीची किंमत त्याला मोजावी लागते.

तर ही सुजलेली, लांबलेली पुंगळी पुन्हा मापात आणायची. त्यासाठी फुल-लेंग्थ सायझिंग डाय असतो: कडक पोलादाचा तुकडा, आतून काडतुसाच्या घाटाचा. पुंगळीला वंगण लावून प्रेसच्या दांड्यानं ती खालून या डायमध्ये दाबतात. धड आवळलं जातं, मान आवळली जाते, आणि डायचा आतला खांदा पुंगळीच्या खांद्याला मागे ढकलतो. वंगण कमी पडलं तर पुंगळी डायमध्येच रुतते, आणि मग बूड भोकसून, आटे पाडून, बोल्ट लावून ओढत बसावं लागतं. जास्त झालं तर वंगणाला जायला जागा नसते, खांद्यावर खळगे पडतात. वंगणाबद्दल एवढं पुरे.

खरी मेख खांद्यात आहे. अशा काडतुसात पुढे जाण्याला अडसर असतो तो खांद्याचा: खांदा चेंबरच्या खांद्याला टेकला की काडतूस थांबतं. बोल्टच्या तोंडापासून खांद्यावरच्या एका ठरावीक वर्तुळापर्यंतचं अंतर म्हणजे हेडस्पेस. .308 मध्ये हे वर्तुळ 10.16 मिमी व्यासाचं धरतात. सामीच्या मापांनुसार चेंबरचं हे अंतर कमीत कमी 41.40 मिमी आणि जास्तीत जास्त 41.66 मिमी चालतं. काडतुसाचं मात्र 41.33 ते 41.50 मिमी. हे आकडे एकमेकांशेजारी ठेवून पाहा. नियमात बसणारं सगळ्यात मोठं काडतूस नियमात बसणाऱ्या सगळ्यात लहान चेंबरपेक्षा दहाव्या हिश्शानं मोठं आहे! कारखान्याची काडतुसं सहसा खालच्या टोकाकडे ठेवतात म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. दुसरं म्हणजे, दोन निर्दोष रायफलींच्या चेंबरमध्ये पाव मिलिमीटरचा फरक असू शकतो. तेव्हा 'सगळ्यांना चालेल असं माप' नावाची वस्तू हवी असेल तर ती सगळ्यात लहान चेंबरच्या मापाची असणार, आणि मोठ्या चेंबरमध्ये ती खुळखुळणार.

डायसोबतच्या कागदावर साधारण असं लिहिलेलं असतं: डाय शेलहोल्डरला (प्रेसच्या दांड्यावर पुंगळीचं बूड धरणाऱ्या खोबणीला) टेकेपर्यंत खाली फिरवा, वर अजून थोडा. याचा अर्थ खांदा जाईल तेवढा मागे ढकला. बनवणाऱ्याच्या दृष्टीनं ते सुरक्षित आहे, कारण अशी पुंगळी कुठल्याही रायफलीत बसते. आपल्या दृष्टीनं ती नासाडी आहे. खांदा गरजेपेक्षा जास्त मागे गेला, तर पुढच्या वेळी घोडा दाबल्यावर पुंगळीचा पुढचा भाग भिंतीला चिकटतो आणि बूड मोकळ्या जागेत मागे सरकतं. ताण सगळा बुडाच्या जरा वर, जिथं जाड भाग पातळ होतो तिथं येतो. दर फेरीला तिथलं पितळ थोडं पातळ होत जातं, आणि एक दिवस पुंगळीचे दोन तुकडे होतात: बूड बाहेर, नळकांडं चेंबरमध्ये अडकलेलं. त्यावेळी गरम गॅस मागे येतो, तो नेमबाजाच्या चेहऱ्याकडे.

म्हणून माझं मत साधं आहे: कागदावरचं वाक्य बाजूला ठेवा आणि मोजा. बाजारात कॅलिपरच्या जबड्याला लावायचे छोटे कंपॅरेटर मिळतात. 10.16 मिमीच्या भोकाचा तुकडा खांद्यावर टेकतो आणि कॅलिपर बुडापासून तिथपर्यंतचं अंतर दाखवतो. या मोजणीचा आकडा हेडस्पेसच्या खऱ्या मापाशी तंतोतंत जुळेलच असं नाही, पण आपल्याला फरक हवा आहे, आणि फरक तो चोख सांगतो. आधी जुना प्रायमर काढून टाकायचा. झाडल्यावर तो बुडाबाहेर किंचित आलेला असतो आणि मापात खोटी भर घालतो. एकच पुंगळी मोजून निष्कर्ष काढायचा नाही. पाच-सहा मोजायच्या, त्यातली सगळ्यात लांब धरायची.

झाडलेल्या पुंगळीपेक्षा खांदा किती मागे हवा? हातानं बोल्ट लावायच्या रायफलीत 0.025 ते 0.05 मिमी पुरतो. सेमी-ऑटोमॅटिकसाठी जाणकार 0.075 ते 0.125 मिमी सांगतात, आणि बहुतेकांचं काम 0.1 च्या आसपास होतं. माणसाचा केस साधारण एवढाच जाड असतो. या केसाएवढ्या फटीवर स्प्रिंगचा बोल्ट शेवटपर्यंत धावत जातो, थोडी काजळी किंवा धुळीचा कण असला तरी.

पण वर म्हटलं तसं सेमी-ऑटोमॅटिकची पुंगळी खोटं बोलते. ती चेंबरपेक्षा लांब असेल, तर तिच्यातून 0.1 वजा करून खांदा कदाचित जेमतेम चेंबरइतकाच येईल. मावसभावाचं नेमकं हेच चाललं होतं. यावर सरळ उपाय म्हणजे गॅस बंद करून एकेक गोळी झाडायची. एफएएल जातीच्या रायफलींना, म्हणजे आपल्या एसएलआरच्या घराण्यात, बंदुकीवरून ग्रेनेड डागण्यासाठी गॅस पूर्ण अडवायची सोय असते. हल्लीच्या काही रायफलींत गॅस कमी-जास्त करायचा स्क्रू असतो. अशी झाडलेली पुंगळी दाब उतरेपर्यंत जागच्या जागी राहते आणि चेंबरचं खरं माप सांगते. हे शक्य नसेल तर उलट बाजूनं जायचं: डाय थोडा थोडा खाली आणत प्रत्येक वेळी रिकामी पुंगळी चेंबरमध्ये टाकून पाहायची. रायफल उघडून, बोल्टमधला इजेक्टर (पुंगळी बाहेर फेकणारा खिळा) आणि एक्स्ट्रॅक्टर काढून, नळी खाली धरली की पुंगळी आपल्या वजनानं आत पडली पाहिजे, बोल्ट बोटाच्या हलक्या रेट्यानं पूर्ण मिटला पाहिजे, आणि बोल्ट काढून नळी उलटी केली की पुंगळी आपोआप बाहेर आली पाहिजे. टूलरूममध्ये गो-गेज (माप तपासायचा ठोकळा) लावताना आम्ही बोटांनी जे जाणतो तेच इथं जाणायचं. जोर लावून बसलेलं गेज बसलं असं म्हणत नाहीत.

डाय खाली आणायचा म्हणजे किती, याला हिशेब आहे. या डायच्या बाहेरच्या आट्यांचं माप जगभर जवळपास एकच: पाऊण इंचाच्या वर एक सूत, म्हणजे 7/8 इंच व्यास, आणि इंचाला 14 आटे. पूर्ण एक फेरा दिला की डाय 1.81 मिमी सरकतो. तेव्हा 0.1 मिमीसाठी फक्त वीस अंश फिरवायचं. 'अजून थोडा' म्हणून कुणी पाव फेरा दिला, तर त्यानं जवळपास अर्धा मिलिमीटर दिला, आणि ते गरजेच्या साडेचार पट झालं. मी भावाला डायच्या नटावर आणि प्रेसवर मार्करनं एकेक रेघ मारायला सांगितली. तेव्हापासून 'थोडा' हा शब्द आमच्या बोलण्यातून गेला.

डाय खाली आणताना एक चकवा लागतो. सुरुवातीला पुंगळी आखूड व्हायच्या ऐवजी लांब होते. माणूस गोंधळतो, कॅलिपर झटकून पाहतो. होतं असं की डायच्या भिंती आधी धडाला आवळतात. आवळलेलं पितळ जाणार कुठं? वर. डायचा खांदा अजून पुंगळीच्या खांद्यापर्यंत पोचलेला नसतो, म्हणून तो मोकळेपणानं पुढे सरकतो. आणखी खाली गेल्यावर खांद्याला खांदा भिडतो आणि माप उतरू लागतं. जे लोक या मधल्या टप्प्यावर थांबतात त्यांच्या हातात धड बारीक झालेली पण झाडलेल्या पुंगळीहूनही लांब अशी पुंगळी येते. तीच अडकते, आणि दोष डायला जातो.

हे धातूचं वर सरकणं मानेतही साठतं. म्हणून सायझिंगनंतर एकूण उंची पाहायची: .308 मध्ये 51.18 च्या वर गेलेली पुंगळी कापून 50.93 मिमीवर आणतात. लांब मान चेंबरच्या टोकाला घुसली तर गोळीला सुटायला जागा राहत नाही आणि दाब धोक्याच्या वर चढतो. सायझिंगच्या आधी कापली तर सायझिंगनं ती पुन्हा वाढते, म्हणून क्रम महत्त्वाचा.

खांदा बरोबर असूनही काडतूस अडलं तर? तेव्हा तर्क लढवत बसण्यापेक्षा काळं मार्कर घ्यावं. रिकामी, प्रायमर नसलेली पुंगळी सबंध काळी करायची, चेंबरमध्ये घालून बोल्ट लावायचा आणि बाहेर काढून पाहायची. जिथं शाई खरवडली तिथं ती घासते. भावानं पाठवलेल्या फोटोंत दोन प्रकार होते. त्याच्या स्वतःच्या पुंगळ्यांवर खांदा घासला होता, तो आम्ही वर सांगितल्याप्रमाणे सोडवला. पण विकत आणलेल्या जुन्या लष्करी पुंगळ्यांच्या एका पिशवीतल्या पुंगळ्यांवर बुडाच्या जरा वर चकाकतं कडं आलं होतं, बोटाच्या नखाएवढं रुंद, एका बाजूला गडद आणि एका बाजूला पुसट. त्या कुठल्यातरी सैल चेंबरच्या बंदुकीतून आल्या होत्या आणि बूड इतकं सुजलं होतं की साध्या डायला ते पुरतं आवळता येईना. बुडाजवळचं पितळ सगळ्यात जाड आणि कडक, त्यामुळे तिथं स्प्रिंगबॅकही हट्टी. यासाठी स्मॉल-बेस डाय असतो. तो तळाशी नेहमीच्या डायपेक्षा दोन-पाच शतांश मिलिमीटरनं अरुंद असतो. सेमी-ऑटोमॅटिक म्हटलं की हाच डाय घ्या असं सांगणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. आपल्याच रायफलीतल्या पुंगळ्या साध्या डायनं सुरळीत बसत असतील, तर पितळाला फुकट जास्त का छळायचं? पाहुण्या पुंगळ्यांसाठी एकदा तो वापरावा, पुढच्या फेरीपासून त्याही घरच्याच होतात.

शाई कधीकधी खांदा आणि धड मिळतात त्या कोपऱ्यावर खरवडते, आणि तेही फक्त भरलेल्या काडतुसावर (ते रायफलीत नव्हे, पुढे सांगितलेल्या केस-गेजमध्ये टाकून पाहायचं). रिकामी पुंगळी सुरळीत बसलेली असते. तिथं सायझिंगचा दोष नाही. गोळी बसवताना मानेची कड जास्त दाबली की खांदा बाहेर फुगतो, डोळ्याला न दिसेल इतका. म्हणून भरून झाल्यावर प्रत्येक काडतूस केस-गेजमध्ये टाकून पाहावं. केस-गेज म्हणजे चेंबरच्या घाटाचं भोक पाडलेला पोलादी ठोकळा. भरलेलं काडतूस रायफलीच्या चेंबरमध्ये घालून पाहायचं नाही.

त्याचं कारणही सेमी-ऑटोमॅटिकच्या रचनेत आहे. एम-1 गॅरंड, एम-14, एआर-15 अशा रायफलींत फायरिंग पिन, म्हणजे प्रायमरला ठोकणारी सुई, मोकळी असते, तिला मागे धरणारी स्प्रिंग नसते. बोल्ट धाडकन पुढे आला की ती आपल्याच वेगानं प्रायमरला हलकासा टोला देते. एरवी तो टोला पुरेसा नसतो. पण प्रायमर बुडाबाहेर उचललेला असेल, किंवा लांब पुंगळीमुळे बोल्ट कुलूप लागायच्या आत अडला असेल, तर काडतूस अवेळी पेटू शकतं, बोल्ट उघडा असताना. अडकणं ही त्रासाची गोष्ट आहे, पण हे जिवावरचं आहे. म्हणून प्रायमर बुडाच्या पातळीच्या 0.08 ते 0.13 मिमी आत बसवतात, आणि लष्करी धाटणीचे कमी हळवे प्रायमर वापरतात. खांद्याचं माप नीट ठेवण्याचं याहून मोठं कारण मला माहीत नाही.

आता पुन्हा पितळाकडे. दर फेरीला मान आणि खांदा फुगतात, आवळले जातात. पितळ असं कामाला जुंपलं की कडक होत जातं, आणि जितकं कडक तितका स्प्रिंगबॅक जास्त. म्हणजे डाय एका जागी पक्का असूनही पाचव्या फेरीची पुंगळी पहिल्या फेरीपेक्षा लांब निघते. डाय सैल झाला असं वाटतं, पण बदललेलं असतं पितळ. मान-खांदा तापवून मऊ करणं हा उपाय. बूड मात्र तापता कामा नये, ते मऊ झालं की दाब झेलणार कोण?

पितळातल्या या साठलेल्या ताणाची एक जुनी गोष्ट आपल्या पावसाळ्याची आहे. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश फौजेची काडतुसं हिंदुस्थानात पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेली असत, आणि पाऊस सरल्यावर पाहावं तर न वापरताच तडकलेली. ऋतू पाहून येणारी म्हणून या तडीला सीझन क्रॅकिंग नाव पडलं. 1921 मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी तिचा उलगडा केला: घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया दमट हवेत पितळाला लागत होता, आणि ओढताना धातूत राहिलेला ताण आतून फाडत होता. दोन्हींपैकी एक नसतं तर तड गेली नसती. ताण काढायला तापवून मऊ करणं, हाच तोडगा तेव्हाही निघाला. म्हणून पुंगळ्या चकचकीत करायला अमोनिया असलेलं पॉलिश वापरत नाहीत. समई सोलांनी घासणाऱ्या आपल्या बायकांना आंबटाचं प्रमाण कळतं. पुंगळ्याही सौम्य आंबट पाण्यात स्वच्छ होतात, पण जास्त वेळ ठेवल्या तर जस्त निघून जातं आणि पितळावर गुलाबी छटा येते.

पुंगळी किती वेळा वापरायची याला ठोक आकडा नाही. दाब, चेंबर आणि खांदा किती मागे ढकलता त्यावर ते ठरतं. बाहेरून बुडाच्या वर सबंध गोल फिरलेली फिकट, चकाकती रेघ दिसली तर संशय घ्यावा, पण ती सायझिंग डायच्या घासण्यानंही येते. खात्री आतूनच होते. पातळ पोलादी तारेचं टोक काटकोनात वाकवून धार लावायची, तोंडातून आत घालून बुडापासून वर भिंतीला घासत आणायची. भिंत धड असेल तर तार गुळगुळीत सरकते, पातळ झाली असेल तर बुडाच्या जरा वर टोक एका चरीत अडकतं. भाऊ आता हे दर फेरीला करतो. चर लागलेली पुंगळी तो पकडीत धरून तोंड चेपून टाकतो, म्हणजे चुकून ती पुन्हा चांगल्या पुंगळ्यांच्या डब्यात जायची नाही, आणि मग भंगाराच्या बादलीत टाकतो.